शांतिसेनेच्या छावणीतली लॅब : एका थेंबावर ठरतो निर्णय

घरात कुणाचा ताप दोन दिवसांत उतरला नाही की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. आपण कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जातो, दंडाला रबरी पट्टा बांधून घेतो आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर येतो. रिपोर्टबद्दल शंका आली तर दुसरी लॅब असतेच. मशिन बिघडलं तर कंपनीचा इंजिनीअर एकदोन दिवसांत हजर होतो.

आता अशी लॅब डोळ्यांसमोर आणा, जिथे यातलं काहीच नाही. लोखंडी कंटेनरमधली एक खोली, बाहेर ४० अंशांच्या वरचं ऊन, वीज जनरेटरची आणि राजधानीतली मोठी रुग्णालयं पाचशे किलोमीटर दूर. पावसाळ्यात तिथपर्यंतचा रस्ता चिखलात बुडालेला. अशा ठिकाणी तापाने फणफणलेल्या जवानाच्या रक्ताची काच एकच माणूस मायक्रोस्कोपखाली बघतो आणि त्याच्या शब्दावर डॉक्टर उपचार सुरू करतात. तो माणूस म्हणजे शांतिसेनेतला लॅब टेक्निशियन.

शांतिसेना म्हटलं की निळी टोपी, पांढरी गाडी आणि हातात बंदूक घेतलेला जवान आठवतो. त्या जवानाला उभं ठेवणाऱ्या या माणसांबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. त्यांचं काम कसं चालतं, त्यात काय पणाला लागतं आणि आपल्या घरातल्या कुणाला तिकडे जावंसं वाटलं तर काय माहीत असायला हवं, ते पाहू या.

मलाकाल : नाईल नदीकाठचं गाव

संयुक्त राष्ट्रांची पहिली शांतता मोहीम १९४८ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आजवर भारताने जवळपास ५० मोहिमांमध्ये मिळून अडीच लाखांहून जास्त जवान, पोलीस, डॉक्टर आणि तंत्रज्ञ पाठवले आहेत. शांतिसेनेच्या कामात सर्वाधिक बलिदान देणाऱ्या देशांमध्येही भारताचं नाव येतं.

यातली एक मोठी मोहीम दक्षिण सुदानमध्ये आहे. हा देश ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला आणि त्याच सुमारास तिथे संयुक्त राष्ट्रांची मोहीम सुरू झाली. डिसेंबर २०१३ मध्ये देशात यादवी पेटली. पांढऱ्या नाईलच्या काठावरचं मलाकाल शहर त्या काळात अनेकदा एका गटाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं. हजारो कुटुंबं जीव वाचवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या तळाशेजारी आश्रयाला आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या आश्रयस्थानावरही हल्ला झाला आणि दोन डझनांहून जास्त माणसं मारली गेली. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये शेजारच्या जोंगलेई प्रांतात दबा धरून केलेल्या हल्ल्यात पाच भारतीय शांतिसैनिक शहीद झाले होते.

याच मलाकालमध्ये भारतीय लष्कराने शांतिसेनेसाठी रुग्णालय चालवलं. काँगोमधल्या गोमा शहरात त्याहून मोठं भारतीय रुग्णालय होतं. गोमाच्या शेजारी न्यिरागोंगो हा जिवंत ज्वालामुखी आहे. २००२ मध्ये आणि पुन्हा मे २०२१ मध्ये त्याचा उद्रेक झाला. म्हणजे इथे काम करणाऱ्याला रोगजंतू, गोळीबार आणि लाव्हा या तिन्हींचा हिशेब ठेवावा लागतो.

मलाकालच्या जमिनीत मराठी माणसाला ओळखीचं असं एक आहे. तिथली माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच काळी, कापसाची. कोरड्या दिवसांत भेगाळते आणि पाऊस पडला की चाकं गिळते. त्यामुळे पावसाळ्यात गाडीने पेशंट किंवा औषधं हलवणं जवळपास अशक्य होतं. उरतो तो नदीचा मार्ग किंवा हेलिकॉप्टर.

लेव्हल एक, दोन, तीन

शांतिसेनेत दवाखान्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. लेव्हल एक म्हणजे तुकडीसोबतचा छोटा दवाखाना. तिथे प्रथमोपचार, साधे आजार आणि स्ट्रिपवर होणाऱ्या काही तपासण्या. लेव्हल दोन म्हणजे ऑपरेशन थिएटर असलेलं छोटं रुग्णालय. दिवसाला ४० बाह्यरुग्ण, तीन ते चार शस्त्रक्रिया आणि २० खाटा, असं त्याचं माप. तिथे पेशंट साधारण सात दिवसांपर्यंत ठेवता येतो. लेव्हल तीनमध्ये ५० खाटा, दिवसाला दहा शस्त्रक्रिया आणि तज्ज्ञ डॉक्टरही जास्त. त्यापुढे गरज लागली तर पेशंटला दुसऱ्या देशातल्या मोठ्या रुग्णालयात हलवतात.

जखमींसाठी एक सूत्र आहे : दहा-एक-दोन. जखम झाल्यापासून दहा मिनिटांत रक्तस्राव थांबवण्यासारखा प्रथमोपचार, एका तासात प्रशिक्षित वैद्यकीय मदत आणि दोन तासांत जीव वाचवणारी शस्त्रक्रिया. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात अंधार पडला, वादळ आलं किंवा उड्डाणाची सुरक्षा परवानगी मिळाली नाही तर हेलिकॉप्टर जमिनीवरच राहतं.

म्हणूनच लॅबच्या रिपोर्टला इथे वेगळं वजन येतं. एखाद्याचा ताप साधा आहे की त्याला लगेच हलवायला हवं, हे ठरवताना डॉक्टर आधी लॅबकडे बघतात. उगाच हेलिकॉप्टर मागवलं तर वैमानिकांसह सगळ्यांचा जीव विनाकारण धोक्यात येतो. मागवायला उशीर केला तर पेशंटचा. आपल्याकडे रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही असते. छोट्या फील्ड हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट असेलच असं नाही. तिथे टेक्निशियन जे बघतो तेच डॉक्टरांच्या हातात पडतं.

आधी मशिन, मग पेशंट

अशा लॅबमधली सकाळ फ्रीजपासून सुरू होते. बहुतेक रसायनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. रात्री जनरेटर बंद पडला होता का, फ्रीजचं तापमान किती वर गेलं होतं, हे आधी बघून वहीत लिहायचं. तापमान जास्त वेळ वर गेलं असेल तर ते रसायन वापरण्याआधी तपासायचं. खात्री पटली नाही तर फेकायचं. नवीन खोकं यायला काही आठवडे लागणार असले तरी फेकायचं, कारण खराब रसायनावर काढलेला रिपोर्ट हा रिपोर्ट नसण्यापेक्षा वाईट.

त्यानंतर येतं कंट्रोल. म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सॅम्पल मशिनमध्ये घालून बघायचं. साखरेचं उत्तर १०० यायला हवं आणि १२० आलं तर त्या दिवशी कुणाचीही साखर मोजायची नाही. आधी बिघाड शोधायचा. रोजची उत्तरं तक्त्यावर मांडत गेलं की मशिन हळूहळू एका बाजूला सरकतंय का, तेही कळतं. मोठ्या शहरातल्या लॅबमध्येही हेच करतात. फरक एवढाच की इथे बिघाड सापडल्यावर फोन करायला इंजिनीअर नसतो. नळी बदलणं, दिवा बदलणं, फिल्टरमधली धूळ काढणं ही कामं टेक्निशियनलाच यावी लागतात.

धूळ आणि दमटपणा हे दोन कायमचे शत्रू. कोरड्या महिन्यांत बारीक धूळ मशिनच्या पंख्यात जाऊन बसते. पावसाळ्यात मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते. म्हणून काम संपल्यावर भिंगं पुसून, मायक्रोस्कोप झाकून, शक्यतो ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा. वीज कमी-जास्त झाली की मशिन जळू शकतं, त्यामुळे स्टॅबिलायझर आणि बॅटरीचा आधार लागतोच. आणि हे सगळं बंद पडलं तरी चालू राहणारी एक गोष्ट असते : आरशावर सूर्यप्रकाश घेऊन काम करणारा जुना, साधा मायक्रोस्कोप. जाणकार टेक्निशियन तो कधीच अडगळीत टाकत नाही.

ताप म्हणजे मलेरियाच का?

आफ्रिकेतल्या शांतिसेनेच्या दवाखान्यात ताप हा रोजचा पाहुणा. आणि ताप म्हटलं की पहिला संशय मलेरियाचा. तिथे मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा मलेरिया आढळतो. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर तो मेंदूपर्यंत जाऊन एकदोन दिवसांत जीव घेऊ शकतो. आपल्याकडे गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात काम केलेल्या टेक्निशियनला हा जंतू चांगला परिचयाचा असतो.

तपासणीच्या दोन पद्धती आहेत. पहिली, गरोदरपणाच्या चाचणीसारखी दिसणारी स्ट्रिप. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, द्रावण टाकायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी रेघा बघायच्या. दुसरी, काचेवर रक्त पसरून, जिम्सा नावाचा जांभळा रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायची. एका काचेवर रक्ताचा जाड थर असतो. त्यात लाल पेशी फुटून जातात आणि कमी संख्येतले जंतूही सापडतात. दुसरा पातळ थर. त्यात जंतूची जात ओळखता येते. फाल्सिपेरमचं लहान रूप खड्याच्या अंगठीसारखं दिसतं, तर पुढचं रूप थेट चंद्रकोरीसारखं. एकदा नजरेत बसली की ही चंद्रकोर विसरता येत नाही.

जंतू आहेत एवढं सांगून काम संपत नाही. किती आहेत हेही सांगायचं असतं. त्यासाठी २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती जंतू दिसले, ते मोजतात. समजा ४० दिसले. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ८,००० पांढऱ्या पेशी असतात असं धरलं, तर जंतू झाले १,६००. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. आकडा झपाट्याने उतरला तर औषध लागू पडतंय. उतरत नसेल तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. पूर्व आफ्रिकेत युगांडा, रवांडा अशा देशांत मलेरियाच्या मुख्य औषधाला जंतू काही प्रमाणात दाद देईनासे झाल्याचं दिसलं आहे. त्यामुळे हा दुसऱ्या दिवसाचा आकडा आता जास्त महत्त्वाचा झाला आहे.

काच ‘निगेटिव्ह’ म्हणण्याआधी निदान १०० क्षेत्रं तपासायची, असा नियम आहे. दिवसभरात वीस काचा आल्या की विसाव्या काचेपाशी डोळे थकलेले असतात. शंभर क्षेत्रं बघितली की ऐंशी, हे कुणी तपासायला येत नाही. या कामातला प्रामाणिकपणा तो इथे.

स्ट्रिप खोटं बोलते तेव्हा

मग प्रश्न पडेल की स्ट्रिप इतकी सोपी असताना डोळे का शिणवायचे? कारण स्ट्रिप दोन्ही बाजूंनी फसवू शकते.

पहिली फसगत अशी. बहुतेक स्ट्रिप जंतूने रक्तात सोडलेलं एक प्रथिन ओळखतात. औषधाने जंतू मेले तरी ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं. समजा एका जवानाला तीन आठवड्यांपूर्वी मलेरिया झाला होता, तो बरा झाला आणि आता त्याला पुन्हा ताप आला. स्ट्रिपवर दोन रेघा येणारच. तेवढ्यावर विसंबून पुन्हा मलेरियाचं औषध दिलं आणि ताप खरं तर टायफॉइडचा किंवा पोटातल्या गळवाचा निघाला, तर मौल्यवान दिवस वाया जातात. अशा वेळी काचच खरं सांगते : जंतू जिवंत आहेत की फक्त त्यांच्या खुणा उरल्या आहेत.

दुसरी फसगत याच्या उलट. काही ठिकाणच्या जंतूंमध्ये ते प्रथिन बनवणारं जनुकच उरलेलं नाही. २०१६ च्या सुमारास इरिट्रियामध्ये हा प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसला. अशा पेशंटला मलेरिया असूनही स्ट्रिप कोरी राहते. म्हणजे कोऱ्या स्ट्रिपवर विश्वास ठेवून त्याला घरी पाठवणं धोक्याचं.

काळा आजार किंवा कालाजारच्या बाबतीतही असंच आहे. हा आजार आपल्याकडे बिहारमध्ये आणि तिकडे दक्षिण सुदानमध्येही आढळतो. ताप, वजन घटणं आणि प्लीहा वाढणं ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच. पण भारतीय पेशंटमध्ये उत्तम चालणारी स्ट्रिप पूर्व आफ्रिकेतल्या पेशंटमध्ये तितकी भरवशाची ठरत नाही. भारतात शिकून गेलेल्या टेक्निशियनने हे लक्षात ठेवलं नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहून तो मोकळा होईल आणि पेशंट हातचा जाईल. जागा बदलली की ओळखीची चाचणीही नव्याने शिकावी लागते.

रक्ताची पिशवी

अपघात, गोळी लागणं, सुरुंगाचा स्फोट. अशा वेळी शस्त्रक्रियेसोबत रक्तही लागतं. आपल्याकडे नातेवाईक ब्लड बँकेत धावतात. इथे ब्लड बँक म्हणजे लॅबमधला एक खास फ्रीज. त्यातल्या पिशव्या बाहेरून येतात, २ ते ६ अंशांत ठेवाव्या लागतात आणि त्यांचं आयुष्य साधारण पाच ते सहा आठवड्यांचं. प्लेटलेट्स तर पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्या साठवून ठेवणं कठीण.

यातलं गणित अवघड आहे. जास्त पिशव्या मागवल्या तर मुदत संपून वाया जातात. कमी मागवल्या आणि त्याच आठवड्यात गाडी सुरुंगावर गेली तर? टेक्निशियनला रोज मोजून ठेवावं लागतं : कोणत्या गटाच्या किती पिशव्या, कोणती कधी संपणार, पुढचं विमान कधी. काही सैन्यांत गरज पडली तर रक्त देऊ शकतील अशा जवानांची यादीही तयार ठेवतात. त्यांचे रक्तगट आधीच पक्के केलेले असतात. तरीही रक्त देण्याआधी एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया यांच्या झटपट चाचण्या करायच्याच.

पेशंटच्या रक्ताशी पिशवीतलं रक्त जुळवून बघायला साधारण पाऊण तास लागतो. तितका वेळ नसेल तर ‘ओ’ गटाचं रक्त चढवायचा निर्णय डॉक्टर घेतात. पण पिशवीवरचं नाव, नंबर आणि गट दोनदा वाचून बघायचं काम घाईतही सुटत नाही. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर गोळीतून वाचलेला माणूस रक्ताने मरू शकतो.

छोट्या छावणीत मोठं गुपित

छावणी म्हणजे एक लहान गावच. ज्याचं रक्त सकाळी घेतलं तोच दुपारी मेसमध्ये समोर बसतो. त्याचा वरिष्ठ अधिकारीही तिथेच असतो. अशा ठिकाणी एखाद्याचा रिपोर्ट पोटात ठेवणं हे मशिन चालवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

जुलै २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एचआयव्ही आणि शांतिसैनिक यांच्याबद्दल एक ठराव केला, क्रमांक १३०८. एखाद्या आजाराचा विचार सुरक्षा परिषदेने इतक्या गांभीर्याने करण्याची ती पहिलीच वेळ होती. मोहिमांमध्ये एचआयव्हीची चाचणी स्वेच्छेने, समुपदेशनासह आणि गुप्तता पाळून करता येते. पण ही गुप्तता कागदावर टिकून उपयोग नाही. ती टिकते लॅबमधल्या माणसाच्या वागण्यात. सॅम्पलवर नावाऐवजी कोड लिहिणं, रजिस्टर कुलपात ठेवणं आणि ‘काय रे, त्याचं काय निघालं?’ या प्रश्नाला हसून विषय बदलणं. एकदा विश्वास उडाला की पुढचा जवान तपासायला येतच नाही.

स्वतःची काळजीही आलीच. काम करताना सुई टोचली तर जागा साबणपाण्याने धुवायची, लगेच डॉक्टरांना सांगायचं आणि गरज असल्यास एचआयव्हीपासून बचाव करणारी औषधं शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करायची. लाज वाटून गप्प बसणं सगळ्यात धोक्याचं.

हैतीचा धडा

शांतिसेनेच्या आरोग्यव्यवस्थेला कायमचं बदलणारी एक घटना ऑक्टोबर २०१० मध्ये हैती या कॅरिबियन देशात घडली. तिथे अचानक कॉलराची साथ आली. त्याआधी निदान शंभर वर्षं त्या देशात कॉलराची नोंद नव्हती. साथीचा माग काढत शास्त्रज्ञ एका नदीकाठच्या शांतिसेनेच्या छावणीपाशी पोहोचले. छावणीतलं सांडपाणी नीट हाताळलं जात नव्हतं आणि ते नदीत मिसळत होतं. जंतूंची जनुकीय तपासणी केल्यावर ते नेपाळमधल्या जंतूंशी जुळले. त्या छावणीतले जवान नेपाळहून आले होते.

त्या साथीत आठ लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि जवळपास दहा हजार जणांचा जीव गेला. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली.

कॉलराचा जंतू पोटात असूनही अनेकांना काहीच त्रास होत नाही. धडधाकट दिसणारा जवान नकळत तो सोबत नेऊ शकतो. म्हणून तज्ज्ञांच्या समितीने सुचवलं की, कॉलरा असलेल्या भागातून येणाऱ्यांची निघण्यापूर्वी तपासणी व्हावी किंवा त्यांना प्रतिबंधक औषध मिळावं आणि छावणीचं सांडपाणी तिथल्या तिथे शुद्ध व्हावं. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किती, त्यात विष्ठेतले जंतू सापडतात का, हे तपासणं कंटाळवाणं वाटतं. पण हैतीनंतर या बाटलीभर पाण्याकडे कुणी किरकोळ म्हणून बघत नाही. २०२४ च्या अखेरीस खुद्द दक्षिण सुदानमध्ये कॉलराची मोठी साथ पसरली, तेव्हा या सवयींचं मोल पुन्हा कळलं.

घर इथे, माणूस तिथे

लष्करी तुकडी साधारण वर्षभरासाठी जाते. बहुतेक मोहिमांमध्ये कुटुंबाला सोबत नेता येत नाही. दक्षिण सुदानचं घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तासांनी मागे आहे. तिकडची ड्यूटी संध्याकाळी सहाला संपते तेव्हा इथे साडेनऊ वाजलेले असतात. मुलं झोपायच्या बेतात असतात. व्हिडिओ कॉल लागला तर लागतो, नेटवर्क गेलं तर नुसती निळी खूण बघत बसायचं.

घरच्यांसाठी काही गोष्टी आधीच ठरवून ठेवलेल्या बऱ्या. बातम्यांत त्या देशाचं नाव आलं की घाबरून दहा फोन करण्यापेक्षा, ‘सुरक्षित आहे’ एवढा एक मेसेज पाठवायचा असा नियम करावा. बँक, विमा, मुलांची शाळा, आई-वडिलांची औषधं यांची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावून जावीत. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर छावणीचे फोटो किंवा येण्याजाण्याच्या तारखा टाकू नयेत. आणि जाणाऱ्याने घरी सगळं ठीक असल्याचं नाटक करू नये. कंटाळा आला, झोप लागत नाही, हेही बोलावं. शेजारच्या आश्रयस्थानातल्या कुपोषित मुलांचे चेहरे बघून अनेकांना रात्री त्रास होतो. त्याबद्दल सोबतच्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी बोलण्यात कमीपणा नाही.

जायचं असेल तर

लॅब टेक्निशियन होण्यासाठी बारावी सायन्सनंतर डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी हे नेहमीचे मार्ग. २०२१ च्या कायद्याने या आणि अशा इतर आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आहे, त्यामुळे कॉलेज निवडताना मान्यता तपासून घ्या.

शांतिसेनेत पोहोचण्याचे मुख्यतः दोन रस्ते आहेत. पहिला लष्कराचा. आर्मी मेडिकल कोअरमध्ये भरती होऊन, प्रशिक्षण घेऊन, नंतर निवड झाली तर मोहिमेवर जाता येतं. या दलाचं केंद्र लखनौला आहे, तर पुण्यातलं १९४८ मध्ये सुरू झालेलं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे एएफएमसी आपल्या ओळखीचं. दिल्लीत शांतिसेनेसाठी वेगळं प्रशिक्षण केंद्रही आहे.

दुसरा रस्ता नागरिकांचा. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० मध्ये स्थापन झाला आणि त्याचं मुख्यालय जर्मनीतल्या बॉन शहरात आहे. त्यात लॅब टेक्निशियनच्या जागा निघतात. तज्ज्ञ म्हणून परदेशी जायला वय निदान २७ हवं आणि काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पगाराऐवजी राहण्या-जेवणाचा भत्ता, विमा आणि रजा मिळते. इंग्रजी लागतंच. काँगोसारख्या देशात फ्रेंच आलं तर फायदा होतो.

एक सावधगिरी मात्र प्रत्येक घराने बाळगावी. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे मागत नाहीत. अर्ज, मुलाखत, व्हिसा किंवा प्रशिक्षण यांच्या नावाने कुणी एजंट फी मागत असेल तर तो फसवतोय असंच समजा. जागा कमी-जास्त होत असतात, मोहिमाही बंद होतात. मालीमधली मोहीम डिसेंबर २०२३ मध्ये संपली. म्हणून इथली नोकरी घाईने सोडून बसू नका.

जाण्यापूर्वी अनुभव मिळवायचा तर मोठ्या शहरातल्या पूर्ण स्वयंचलित लॅबपेक्षा ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय चांगलं. तिथे हाताने काच बनवायची, रंग द्यायची आणि मोजायची सवय लागते. विदर्भ किंवा नंदुरबारच्या आदिवासी भागात काम केलं असेल तर सिकलसेलचे पेशंटही पाहिलेले असतात. आफ्रिकेत तो आजार खूप आढळतो.

आणि लस विसरू नका. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ते जवळ नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं.

परत आल्यावर

मोहिमेवरून आलेला माणूस विमानतळावर उतरला की घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण मलेरियाचा जंतू शरीरात काही आठवडे गप्प राहू शकतो, काही जातींचा तर काही महिने. तिकडे घेत असलेली प्रतिबंधक गोळी परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवायची असते. अनेक जण ती घरच्या जेवणाच्या आनंदात विसरतात.

त्यामुळे परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तर तो ‘हवाबदलाचा’ म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा : ‘मी आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची काच तपासा.’ डॉक्टरांना हे ऐनवेळी सुचेलच असं नाही. आणि स्ट्रिप कोरी आली तरी काच बघायला सांगा. घरात कुणी शांतिसेनेत, जहाजावर किंवा आफ्रिकेत नोकरीला असेल तर हे वाक्य त्याच्या आईला, बायकोला, नवऱ्याला, सगळ्यांनाच पाठ असू द्या.